आइस हॉकी, खेळाडू ते प्रशिक्षक: ठाण्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडच्या एका गृहसंकुलात मी संध्याकाळी इनलाइन हॉकीची, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीची, बॅच घेतो. मुलं स्केट्सच्या लेस आवळत असतात तेवढ्यात पालक कठड्यापाशी येऊन विचारायला लागतात, आणि प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. मोबाइलवर एनएचएलचे (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वांत मोठी व्यावसायिक लीग) सामने बघून चिरंजीवांनी किंवा लेकीने ‘मला आइस हॉकीतच जायचंय’ असं घरी जाहीर केलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. खेळाडूपेक्षा प्रशिक्षकाच्या कारकिर्दीवर जास्त लिहिलंय, ते मुद्दाम.

आइस हॉकी म्हणजे आपली हॉकीच ना, फक्त बर्फावरची?

काठी आणि गोलजाळी सोडली तर फारसं साम्य नाही. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन साधारण १६० ग्रॅम. गोलरक्षक धरून एका संघाचे सहा जण बर्फावर असतात. २० मिनिटांचे तीन भाग. एनएचएलचा रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, चारही बाजूंनी फळ्यांची भिंत आणि वर काच. पक भिंतीवर आपटून परत येतो, त्यामुळे खेळ थांबतच नाही. अंगावर जाऊन धडक मारणं नियमात बसतं, पण त्यालाही मर्यादा आहेत.

ठाण्यात बर्फाचा रिंक आहे का?

आंतरराष्ट्रीय मापाचा नाही, ठाण्यातही नाही आणि नवी मुंबईतही नाही. मॉलमधल्या स्नो पार्कमध्ये सुट्टीच्या दिवशी मुलांना घसरायला न्या, मजा येईल, पण तिथे हॉकी शिकता येत नाही. भारतात या खेळाचं घर लडाख. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे रात्री मैदानावर पाणी सोडतात, ते गोठतं आणि सकाळी त्यावर खेळ सुरू होतो. लेहचा एनडीएस रिंक हे त्यातलं मुख्य ठिकाण. डेहराडूनचा बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला, मग तो वर्षानुवर्षं बंद पडून राहिला आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या मधल्या काळात एक अख्खी पिढी मोठी होऊन गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्याकडून जवळचा आणि बारमाही बर्फ हवा असेल तर खरं उत्तर दुबई आणि अबू धाबी. ठाण्यातल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी काका-मामा आखातात असतो. सुट्टीत तिकडे जाणारच असाल, तर मुलाचे स्केट्स बॅगेत टाका. दुबई मॉलमधला रिंक ऑलिंपिक मापाचा आहे.

परदेशात व्यावसायिक खेळाडू कसा घडतो?

कॅनडात मूल चार-पाच वर्षांचं असतानाच बर्फावर उतरतं. सोळाव्या वर्षी चांगला खेळाडू ज्युनियर लीगमध्ये जातो. ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तिथल्या तीन मोठ्या ज्युनियर लीग. त्यासाठी बरेचदा घर सोडून दुसऱ्या गावात एखाद्या यजमान कुटुंबात राहावं लागतं. दुसरा रस्ता अमेरिकन विद्यापीठांचा. पूर्वी यातला एकच निवडावा लागे. २०२५–२६ च्या हंगामापासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या मुलांनाही अमेरिकन विद्यापीठांच्या पहिल्या विभागात खेळता येतं. अठरा वर्षं झाली की एनएचएलचा ड्राफ्ट. त्यात सात फेऱ्या असतात आणि क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात. निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. बहुतेक मुलं आधी एएचएल या खालच्या लीगमध्ये खेळतात आणि कित्येकांचा मुक्काम तिथेच राहतो. युरोपात स्वीडन, फिनलंड, जर्मनी, चेकिया या देशांच्या स्वतःच्या लीग आहेत आणि तिथेही चांगलं पोट भरतं.

ठाण्यात वाढलेलं मूल या रांगेत सतराव्या वर्षी जाऊन उभं राहील का? सरळच सांगतो, जवळपास अशक्य आहे. कुणी पैसे घेऊन तसं आश्वासन देत असेल तर सावध व्हा.

पैसा किती असतो?

वरच्या पायरीवर भरपूर. एनएचएलमध्ये २०२५–२६ च्या हंगामात किमान वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार डॉलर होता. एएचएलमध्ये तो आकडा एकदम खाली येतो आणि त्याच्याही खालच्या ईसीएचएलमध्ये आठवड्याच्या हिशोबाने पैसे मिळतात, तेही फक्त हंगामापुरते. उन्हाळ्यात ही मुलं दुसरी कामं शोधतात. लहान मुलांची शिबिरं घेणं हे त्यातलं सगळ्यात सोयीचं काम, आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या अनेकांचा श्रीगणेशा तिथेच होतो.

खेळणं संपल्यावर सगळे प्रशिक्षकच होतात का?

छे! साधा हिशोब करा. एनएचएलमध्ये ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या यादीत जास्तीत जास्त २३ खेळाडू, म्हणजे सातशेहून जास्त जागा. मुख्य प्रशिक्षकाच्या जागा फक्त ३२. सहायक, गोलरक्षकांचे प्रशिक्षक, व्हिडिओ प्रशिक्षक हे सगळे धरले तरी बहुतेकांना दुसरी वाट शोधावी लागते. कुणी समालोचन करतो, कुणी नवे खेळाडू हेरत गावोगाव फिरतो, कुणी घराच्या व्यवसायात परततो.

पालकांच्या मनात एक पक्कं बसलेलं असतं, की आधी नाव कमवायचं आणि मग वय झालं की क्लब आपणहून प्रशिक्षकाची खुर्ची देतो. ती खुर्ची निवृत्तीचं बक्षीस नाही. ती वेगळी नोकरी आहे आणि तिच्यात पुन्हा उमेदवारीपासून सुरुवात करावी लागते.

पण मोठा खेळाडूच मोठा प्रशिक्षक होणार ना?

वेन ग्रेट्झकीचं उदाहरण घ्या. एनएचएलमध्ये २८५७ गुण (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून), चार स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं. त्याच्याहून मोठं नाव या खेळात नाही. २००५ ते २००९ तो फीनिक्सचा मुख्य प्रशिक्षक होता. चार हंगाम झाले आणि एकदाही संघ बाद फेरीत पोहोचला नाही. संघही तसा कमकुवत होता, सगळा दोष त्याच्या माथी मारणं बरोबर नाही. पण पक कुठे जाणार हे त्याला आपोआप दिसायचं, आणि जे आपोआप दिसतं ते दुसऱ्याला पायरी-पायरीने समजावणं महाकठीण. हे माझं मत. 

आता दुसरं टोक. जॉन कूपर व्यावसायिक हॉकी कधीच खेळला नाही. तो वकील होता. एका न्यायाधीशाने आपल्या मुलाच्या शाळेच्या संघाला शिकवशील का म्हणून विचारलं आणि तिथून त्याची सुरुवात झाली. मग एकेक लीग चढत तो एएचएलमध्ये पोहोचला, २०१२ साली तिथलं विजेतेपद मिळवलं, २०१३ मध्ये टँपा बेचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२० आणि २०२१ असे सलग दोन स्टॅन्ली कप जिंकला. स्कॉटी बोमनच्या नावावर प्रशिक्षक म्हणून नऊ स्टॅन्ली कप आहेत. डोक्याला झालेल्या दुखापतीमुळे त्याचं खेळणं ज्युनियरमध्येच संपलं होतं.

याचा अर्थ चांगला खेळाडू प्रशिक्षक म्हणून वायाच जातो, असाही नाही. टो ब्लेकने खेळाडू म्हणून तीन आणि मॉन्ट्रियलचा प्रशिक्षक म्हणून आठ कप जिंकले. जोएल क्वेनव्हिल आठशेहून जास्त एनएचएल सामने खेळला आणि शिकागोला २०१०, २०१३ आणि २०१५ मध्ये कप मिळवून दिला. मला सगळ्यात पटतो तो रॉड ब्रिंदामूरचा रस्ता. २००६ साली कॅरोलायनाचा कर्णधार म्हणून त्याने कप उचलला. २०१० मध्ये निवृत्त झाला. कर्णधार होता म्हणून कुणी त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केलं नाही. २०११ पासून तो त्याच क्लबात सहायक होता, सात वर्षं. २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२१ मध्ये सर्वोत्तम प्रशिक्षकाचा जॅक ॲडम्स पुरस्कार मिळाला. त्या सात वर्षांबद्दल पालक कधीच विचारत नाहीत. विचारायला हवं.

आणि हर्ब ब्रुक्स. १९६० च्या अमेरिकन ऑलिंपिक संघातून शेवटच्या क्षणी वगळलेला खेळाडू तो होता, आणि त्याच संघाने सुवर्णपदक जिंकलं. पुढे तो १९६४ आणि १९६८ चं ऑलिंपिक खेळला. पण नाव झालं ते १९८० मध्ये, लेक प्लॅसिडच्या ऑलिंपिकला, विद्यापीठातल्या पोरांच्या संघाने सोव्हिएत संघाला ४–३ असं हरवलं तेव्हा. प्रशिक्षक ब्रुक्स होता.

सामन्यात प्रशिक्षक करतो काय? सूट घालून बाकामागे उभा तर असतो!

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. एका वडिलांनी तर ‘त्यापेक्षा आमचा सोसायटीचा वॉचमन जास्त हालचाल करतो’ असंही ऐकवलं होतं.

एनएचएलमध्ये सामन्यासाठी वीस जण तयार असतात, १२ आघाडीचे, ६ बचावाचे आणि २ गोलरक्षक. आघाडीवाले तिघातिघांच्या चार फळ्यांमध्ये खेळतात, बचावाच्या तीन जोड्या. एक फळी बर्फावर जेमतेम ४०–५० सेकंद टिकते, कारण इतक्या वेगात त्याहून जास्त वेळ पाय चालतच नाहीत. मग दुसरी फळी, आणि हा बदल खेळ न थांबवता होतो. सकाळी आठला ठाणे स्टेशनात एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे भिडतात तसं दृश्य असतं, फक्त इथे चुकलं तर दोन मिनिटांची शिक्षा होते. बाहेर येणारा बाकापासून पाच फुटांच्या आत आला की नवा आत जाऊ शकतो. त्याआधीच नवाही खेळात सामील झाला तर ‘जास्त खेळाडू’ म्हणून शिट्टी वाजते आणि संघ दोन मिनिटं एकाने कमी.

म्हणजे दर पाऊण मिनिटाला प्रशिक्षकाने ठरवायचं, की आता कोण. समोरच्या संघाची सर्वांत धोकादायक फळी उतरली तर तिच्यासमोर आपली कुठली? खेळ थांबल्यावर खेळाडू बदलण्याचा शेवटचा हक्क यजमान संघाला असतो, त्यामुळे घरच्या मैदानावर हवी ती जोडी लावता येते आणि पाहुण्या संघाला चालू खेळात ती मोडायचा प्रयत्न करावा लागतो. पक मधल्या रेषेच्या अलीकडून उगाच समोरच्या गोलरेषेपलीकडे फेकून दिला, म्हणजे आइसिंग झालं, तर त्या संघाला दमलेले खेळाडू बदलता येत नाहीत. पूर्वी अशा वेळी चांगला प्रशिक्षक हातातला ३० सेकंदांचा एकुलता एक टाइमआउट वापरायचा, निव्वळ पोरांना दम खाऊ देण्यासाठी; २०१७ पासून एनएचएलमध्ये आइसिंग केलेल्या संघाला तसा टाइमआउट घेता येत नाही.

गोल झाल्यावर आक्षेप घ्यायचा का, हेही त्यानेच ठरवायचं. ऑफसाइड होता (पकच्या आधीच आक्रमक समोरच्या भागात शिरला), गोलरक्षकाला अडथळा झाला, अशी शंका असेल तर मागे व्हिडिओ बघणारा सहकारी काही सेकंदांत कौल देतो. आक्षेप फेटाळला गेला तर वर दोन मिनिटांची शिक्षा. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली आणि एक गोलने मागे असलो, तर गोलरक्षकालाच बाहेर काढून सहावा आक्रमक उतरवायचा. जाळी रिकामी. कधी काढायचा? पूर्वी शेवटच्या मिनिटाची वाट बघायचे. कोलोराडोचा प्रशिक्षक असताना पॅट्रिक रुआने हे फार लवकर करायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. रुआ स्वतः नामांकित गोलरक्षक होता, हे लक्षात घ्या. आता लवकर काढणं बऱ्यापैकी रूढ झालंय.

एका निर्णयाने किती फरक पडतो ते १९८० च्या त्याच सामन्यात दिसतं. सोव्हिएत प्रशिक्षक विक्तर तिखोनोव्हने पहिला भाग संपताच व्लादिस्लाव त्रेत्याकला, म्हणजे त्या काळच्या बहुधा सर्वोत्तम गोलरक्षकाला, बसवून दुसरा उतरवला. तेव्हा गोल २–२ असे बरोबरीत होते. त्यावर आजही वाद झडतात.

आणि सामना नसेल तेव्हा?

खरं काम तेव्हाच. सकाळी सराव, सरावाआधी बैठक, बैठकीआधी व्हिडिओचे तुकडे कापणं. व्हिडिओ बघून शिकवायची पद्धत रुजवणाऱ्यांत रॉजर नीलसनचं नाव पहिलं येतं. लोक त्याला ‘कॅप्टन व्हिडिओ’ म्हणायचे. तो शाळेत शिक्षक होता, व्यावसायिक हॉकी खेळलेला नव्हता, आणि नियमांच्या पुस्तकातल्या फटी शोधण्यात पटाईत होता.

साधारणपणे एक सहायक आघाडी आणि पॉवर प्ले बघतो, म्हणजे समोरचा एकाने कमी असताना गोल कसा काढायचा ते. दुसरा बचाव आणि आपण कमी असताना किल्ला कसा लढवायचा ते बघतो. मुख्य प्रशिक्षकाचा बराच वेळ माणसं सांभाळण्यात जातो. चौथ्या फळीतल्या ज्याला आज बसवलंय त्याला ते तोंडावर सांगणं, हेही त्यातच आलं. ज्यांना स्वतःला कधी बसवलं गेलंय, त्यांना हे बोलणं बरं जमतं असं मी पाहिलंय.

पहिली नोकरी मिळते कशी?

खालून. मार्टिन सँ-लुईचं उदाहरण घ्या. उंची पाच फूट आठ इंच, कुठल्याही क्लबने त्याला ड्राफ्टमध्ये निवडलं नाही. तरी तो २००४ मध्ये टँपा बेकडून कप जिंकला आणि त्याच वर्षी एनएचएलचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. निवृत्तीनंतर काय केलं? स्वतःच्या मुलांच्या संघांना शिकवलं. २०२२ च्या फेब्रुवारीत मॉन्ट्रियलने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केलं तेव्हा लहान मुलांना शिकवणं हाच त्याचा मुख्य अनुभव होता. हा अपवाद आहे, पण बोलका आहे.

जेसिका कँपबेलची गोष्ट मी माझ्या मोठ्या मुलींना नेहमी सांगतो. कॅनडाकडून खेळली, नंतर स्केटिंग हेच खास विषय म्हणून शिकवायला लागली. व्यावसायिक पुरुष खेळाडू पाय सुधारायला तिच्याकडे येऊ लागले. तिथून जर्मनीत सहायक, मग दोन हंगाम एएचएलमध्ये, आणि २०२४ मध्ये सिॲटल क्रॅकनने तिला घेतलं. एनएचएलच्या बाकामागे पूर्णवेळ सहायक प्रशिक्षक म्हणून उभी राहिलेली ती पहिली स्त्री. एक कसब पक्कं धरलं तर दार कसं उघडतं, ते यात दिसतं.

छोट्या युरोपीय लीगमध्ये खेळाडू-प्रशिक्षक अशी दुहेरी भूमिकाही असते. पस्तिशीतला माणूस खेळतोही आणि संघही चालवतो. पगार बेताचा, पण शिकायला मिळतं.

नोकरी टिकते का?

नाही. क्रेग बेरूबेचंच बघा. हजाराहून जास्त एनएचएल सामने खेळलेला, मारामारीसाठी प्रसिद्ध. २०१८ च्या नोव्हेंबरात सेंट लुईने त्याला तात्पुरता मुख्य प्रशिक्षक नेमलं. जानेवारीच्या सुरुवातीला संघ अख्ख्या लीगमध्ये शेवटचा होता आणि जूनमध्ये त्याच संघाने क्लबच्या इतिहासातला पहिला कप जिंकला. २०२३ च्या डिसेंबरात त्याच क्लबने त्याला काढलं. पुढच्या वर्षी टोरोंटोने घेतलं. या धंद्यात ही रीतच आहे. घर भाड्याने घ्यावं, विकत घेऊ नये, असं तिकडे म्हणत असतील तर मला नवल वाटणार नाही.

प्रमाणपत्र लागतं का?

लहान मुलांना शिकवायचं तर कॅनडा आणि अमेरिकेत लागतंच. अमेरिकेत पाच पातळ्यांचा कार्यक्रम आहे. पहिल्या पातळीपासून एकेक चढत जायचं, शिवाय ज्या वयोगटाला शिकवणार त्याचा वेगळा अभ्यास. कॅनडातही राष्ट्रीय संघटनेची अशीच पायऱ्यांची रचना आहे. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ छोट्या देशांसाठी शिबिरं भरवतो आणि फिनलंडमधलं व्हिएरुमाकी हे त्याचं नेहमीचं ठिकाण. भारत १९८९ पासून महासंघाचा सदस्य आहे, त्यामुळे अशा शिबिरांची चौकशी आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडियामार्फत करायची. एखाद्या खासगी अकादमीचं रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण तेवढंच.

भारतात या खेळाची स्थिती काय आहे?

लडाखमध्ये जीव ओतून खेळतात. जुन्या काळी सैनिकी बुटांना पाती ठोकून खेळायचे. लडाख स्काउट्स ही लष्कराची रेजिमेंट आणि आयटीबीपी हे सीमा पोलिस दल यांचे संघ आजही सर्वांत तगडे. पुरुष संघ २००९ मध्ये अबू धाबीच्या आशियाई चॅलेंज कपमध्ये पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. महिला संघ २०१६ मध्ये उतरला, २०१७ मध्ये फिलिपिन्सला ४–३ हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला झालेल्या महिला आशिया कपमध्ये कांस्यपदक घेऊन आला. वर्षाचे दोन-अडीच महिनेच नैसर्गिक बर्फ मिळणाऱ्या मुलींनी ते मिळवलंय, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली ते आठवून बघा.

खेळाडू आहेत. कमी आहे ती शिकवणाऱ्यांची. लेहच्या गावागावांत मुलं काठ्या घेऊन उभी असतात आणि पद्धतशीर शिकवणारा माणूस बरेचदा परदेशातून काही आठवड्यांसाठी आलेला असतो. म्हणूनच मी पालकांना म्हणतो, तुमच्या मुलाला भारतासाठी खेळायला मिळेल की नाही ते सांगता येत नाही, पण विशीत तो चांगला प्रशिक्षक होऊ शकला तर त्याला काम आहे.

मग ठाण्यात राहून आत्ता काय करायचं?

चाकांवर सुरुवात करायची. इथे एक फरक समजून घ्या. रोलर हॉकी दोन-दोन चाकांच्या जुन्या धाटणीच्या स्केट्सवर, छोट्या वाकड्या काठीने आणि चेंडूने खेळतात. इनलाइन हॉकी एका रेषेतल्या चाकांवर, लांब काठीने आणि हलक्या प्लॅस्टिकच्या पकने. आइस हॉकीला जवळची ती इनलाइन. गोलरक्षक सोडून चारच खेळाडू, अंगावर धडक मारायला मनाई. दोन्ही खेळ भारतात रोलर स्केटिंग महासंघाखाली येतात. लेहच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुलामुलींनी आइस स्केटिंगमध्ये पदकं मिळवली आहेत आणि त्यातले बरेच जण चाकांवरूनच बर्फावर गेलेले आहेत.

चाकांवरून बर्फावर काय जातं? तोल, गुडघ्यातला वाक, काठीची सफाई, मान वर ठेवून खेळायची सवय. शेवटच्यासाठी आम्ही एक साधा सराव करतो. मूल पक खेळवत पुढे येतं, मी समोर उभा राहून हाताची बोटं दाखवतो, त्याने ओरडून आकडा सांगायचा. खाली बघितलं की आकडा चुकतो आणि मागची रांग हसते. पंधरा दिवसांत माना वर येतात.

काय जात नाही? थांबणं. बर्फावर दोन्ही पाती झटकन आडवी करून बर्फ खरवडत थांबतात. सिमेंटवर चाकं तशी आडवी केली तर ती पकड घेतात आणि पोरगं तोंडावर आपटतं. त्यामुळे चाकांवर तयार झालेली मुलं पहिल्यांदा बर्फावर जातात तेव्हा धावतात झकास आणि थांबतात कडेच्या भिंतीच्या फळ्यांवर आपटून. दोन-तीन दिवसांत जमतं, घाबरू नका.

लेहला शिबिराला पाठवणार असाल तर एक गोष्ट बजावून ठेवतो. लेह साधारण ३५०० मीटर उंचीवर आहे. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस आराम, भरपूर पाणी आणि खेळ बंद. ‘सुट्टी कमी आहे, उतरल्या उतरल्या सराव करू द्या’ हा आग्रह धरू नका.

आणि ज्याला शिकवण्यात रस आहे त्याने आत्तापासून शिकवावं. आमच्याकडे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना छोट्यांच्या बॅचची दहा मिनिटं देतो. कोण गुडघ्यावर बसून लेस बांधून देतो, कोण लांबून नुसता ओरडतो, कोण तीनच वाक्यांत सराव समजावतो, हे लगेच दिसतं. जी मुलगी आज हे सगळ्यात उत्तम करते ती आमच्या संघात राखीव असते.

मुलींना यात पुढे काही आहे का?

आता आहे. उत्तर अमेरिकेत २०२४ च्या जानेवारीत पीडब्ल्यूएचएल ही महिलांची व्यावसायिक लीग सहा संघांनिशी सुरू झाली आणि २०२५–२६ मध्ये संघ आठ झाले. तिथे मॉन्ट्रियलची प्रशिक्षक कोरी शेव्हरी आणि ऑटावाची कार्ला मॅक्लाउड, दोघी आधी खेळाडू. मॅक्लाउडकडे २००६ आणि २०१० ची ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत.

दहावी-बारावीचे क्रीडा गुण, खेळाडू आरक्षण मिळतं का?

खेळ आणि स्पर्धा शासनाच्या त्या वर्षीच्या यादीत असेल तरच. ठाण्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन यादी डोळ्यांनी बघा. स्पर्धेला पाठवायच्या आधी बघा, नंतर नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर विसंबू नका.

धोका किती?

आहे. डोक्याला मार, खांदा, गुडघा, आणि पात्याची धार. २०२३ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये शेफील्डला सामना चालू असताना स्केटचं पातं मानेला लागून ॲडम जॉन्सन हा खेळाडू गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये मानेचं संरक्षक कवच सक्तीचं केलं. बर्फावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ते हवंच, नुसत्या सरावालाही. डोक्यावर आपटून मूल गोंधळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि आधी डॉक्टर. चाकांवर धोका कमी असला तरी जाळीचं हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे नसतील तर मी आत सोडत नाही. यावर रुसवेफुगवे चालत नाहीत.

खर्च?

सुरुवातीला स्केट्स आणि पॅड एवढाच, आणि मुलांचा पाय वाढत असल्यामुळे वापरलेले घेतलेलेच बरे. बॅचच्या ग्रुपवर कुणी ना कुणी विकत असतंच. बर्फाचं सामान मात्र परवडण्याच्या बाहेर जाऊ शकतं. वरच्या दर्जाचे नुसते स्केट्सच हजार डॉलरच्या आसपास. ते लगेच घेऊ नका. शिबिरात भाड्याने किंवा उसने मिळतात का ते आधी विचारा. स्वतःचे घेतलेच, तर पात्यांना धार लावणारा इथे सहज सापडत नाही, हे गृहीत धरूनच घ्या.

मुलगा चांगला स्केटिंग करत नाही, पण सामने बघून बघून सगळं सांगतो. त्याचं काय करू?

त्याला माझ्याकडे पाठवा. शनिवारी आमचे आपसातले सामने असतात. कठड्यावर मोबाइल लावून चित्रण करायचं, कुठली फळी किती वेळ आत होती ते वहीत टिपायचं आणि रविवारी त्यातले पाच तुकडे काढून मुलांना दाखवायचे, एवढं काम आहे. फी नाही. वही आणि चार्ज केलेला मोबाइल आणावा.